जुनी निओक्लासिकल डायनिंग खुर्ची घेताय? आधी ती उलटी करून बघा

ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा दर दोन-तीन महिन्यांनी मेसेज येतो, सोबत फोटो, फोटोत पाठीला ढालीचा आकार असलेली खुर्ची आणि खाली प्रश्न, "ताई, ही खरी हेपलव्हाइट आहे का?" मी इंग्लंडमध्ये राहते, इकडे जुन्या फर्निचरची ऑक्शन्स गावोगावी चालतात आणि आपली मराठी मंडळी घर घेतलं की तिथं हमखास पोचतात, कारण दुकानातल्या नव्या कोऱ्या सेटपेक्षा दोनशे वर्षांपूर्वीचा महोगनीचा सेट पुष्कळदा स्वस्त पडतो. खरंच पडतो, 2000 नंतर या गडद लाकडाच्या फर्निचरचे भाव चांगलेच उतरलेत. म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी मला जे माहीत आहे ते एकदा सगळं क्रमानं लिहून काढतेय.

आणि त्या मेसेजमधल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. जॉर्ज हेपलव्हाइटनं स्वतः बनवलेली म्हणून पुराव्यानिशी सिद्ध झालेली एकही खुर्ची आज माहीत नाही. एकही नाही.

आधी नावांचा गोंधळ सोडवा

हेपलव्हाइट हा लंडनमधला फर्निचर बनवणारा माणूस, 1786 मध्ये वारला, आणि त्यानंतर दोन वर्षांनी म्हणजे 1788 मध्ये त्याची बायको अ‍ॅलिस हिनं डिझाइन्सचं एक मोठं पुस्तक छापलं. ते पुस्तक देशभरातल्या सुतारांनी समोर ठेवलं, त्यातली ढालीसारखी, बदामासारखी, अंडाकृती पाठ असलेल्या खुर्च्यांची चित्रं बघून आपापल्या गावात खुर्च्या केल्या. म्हणजे आज आपण ज्याला हेपलव्हाइट खुर्ची म्हणतो ती यॉर्कच्या, नॉरिचच्या, डब्लिनच्या कुठल्याही सुताराची असू शकते. थॉमस शेरेटनचंही असंच, त्याचं पुस्तक 1791 पासून भागाभागानं आलं, त्यात पाठी चौकोनी आणि रेषा सरळ, पण त्याच्या स्वतःच्या हातचं म्हणून खात्रीनं दाखवता येईल असं फर्निचर नाही. त्यामुळे ही दोन नावं शैलीची नावं समजा, कारागिराची नाही. विक्रेता "शेरेटनची खुर्ची" म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं नाही, तो आकार सांगतोय.

थॉमस चिपेंडेलची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचं 1754 चं पुस्तक सगळ्यांना माहीत असतं, त्यातलं वळणावळणाचं नक्षीकाम म्हणजेच चिपेंडेल असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण त्याचं सगळ्यात उत्तम काम पुढच्या काळातलं आहे, निओक्लासिकल म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन धर्तीच्या शैलीतलं, यॉर्कशरमधल्या हेअरवुड हाउस आणि नॉस्टेल प्रायरी या घरांसाठी केलेलं. नॉस्टेलमध्ये लायब्ररीसाठी त्यानं दिलेल्या, पाठीत लायर म्हणजे ग्रीकांच्या त्या छोट्या तंतुवाद्याचा आकार असलेल्या खुर्च्या आजही आहेत आणि त्यांचं 1768 चं बिलसुद्धा आहे. खुर्ची आणि बिल दोन्ही एकाच घराण्याचे, याला प्रॉव्हेनन्स म्हणतात, मराठीत आपण त्या वस्तूचा मागमूस म्हणू, म्हणजे कुणी केली, कुणासाठी केली, मग कुणाकुणाच्या घरी फिरली.

शैली आली कुठून

थोडक्यात सांगते. इटलीत हर्क्युलेनियम 1738 पासून आणि पॉम्पेई 1748 पासून खणायला सुरुवात झाली, राखेखाली गाडलेली रोमन घरं वर आली आणि युरोपभरचे तरुण आर्किटेक्ट ती बघायला धावले. त्यातला स्कॉटलंडचा रॉबर्ट अ‍ॅडम 1754 ते 1758 तिकडे होता, परत आला आणि त्यानं इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या घरांची आतली सजावटच पालटून टाकली. वाकडे, फुगीर पाय गेले, सरळ निमुळते पाय आले. शिंपले आणि वेड्यावाकड्या वेली गेल्या, त्यांच्या जागी कलश, फुलांची तोरणं, गोल फुलाच्या चकत्या, गव्हाच्या ओंब्या, उभ्या पन्हळी. सगळं उजवीकडून डावीकडं तंतोतंत सारखं.

डायनिंग रूमबद्दल अ‍ॅडमनं जे लिहिलंय ते मला फार आवडतं. तो म्हणतो की इंग्रज माणूस जेवणाच्या खोलीत गप्पा मारत खूप वेळ काढतो म्हणून ती खोली देखणी हवी, पण भिंतींना फ्रेंचांसारखं कापड लावू नका, त्यात अन्नाचा वास बसतो, प्लॅस्टरचं काम करा. हाच विचार खुर्च्यांकडे बघताना मनात ठेवा. जेवणाच्या खुर्च्यांना बहुतेक वेळा घोड्याच्या केसांचं विणलेलं कापड किंवा चामडं असे, पुसलं की साफ. हेपलव्हाइटच्या पुस्तकातही महोगनीच्या खुर्चीला घोड्याच्या केसांचं कापड लावा असंच म्हटलंय, साधं, पट्ट्यांचं किंवा चौकटीचं.

अजून एक सवय माहीत असू द्या. त्या काळी जेवण झालं की खुर्च्या भिंतीला लावून ठेवत. त्यामुळे पाठीचं नक्षीकाम समोरून भरपूर आणि मागून साधं सपाट असतं. मागची बाजू साधी दिसली म्हणून नाराज होऊ नका, ते बरोबरच आहे.

दुरून बघायचं ते

पाच पावलं मागं उभं राहून आधी आकार बघा. 1775 ते 1800 च्या आसपासची चांगली इंग्लिश खुर्ची असेल तर पुढचे पाय चौकोनी आणि खाली निमुळते होत जाणारे, कधी तळाला कुदळीच्या पात्यासारखा छोटा ठोकळा, किंवा गोल पाय आणि त्यावर उभ्या खोबणी. मागचे पाय किंचित मागं झुकलेले. ढालीची पाठ असेल तर ती ढाल बैठकीला टेकलेली नसते, मागचे दोन पाय वर येऊन तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात, मधे हवा खेळते, आणि म्हणूनच हा जोड सगळ्यात नाजूक, दुरुस्ती बघायची ती पहिली इथं. ढालीच्या आत तीन पिसं दिसली तर ते प्रिन्स ऑफ वेल्सचं चिन्ह, पुढे चौथा जॉर्ज झाला त्याच्या भोवतीच्या मंडळींची ती फॅशन होती, पण नुसती पिसं आहेत म्हणून खुर्ची राजवाड्यातली ठरत नाही, पुस्तकातच ती डिझाइन्स होती, कुणीही कोरली.

पाय तलवारीसारखे बाहेर वळलेले असतील तर तुम्ही रीजन्सी काळात आलात, 1800 च्या पुढं. प्राचीन ग्रीक भांड्यांवरच्या चित्रात जी खुर्ची दिसते तिची ती नक्कल. थॉमस होपनं 1807 मध्ये पुस्तक काढून या ग्रीक-रोमन-इजिप्शियन शैलीला आणखी जोर दिला.

फ्रेंच खुर्ची असेल तर लाकूड बहुतेकदा बीच किंवा अक्रोड आणि त्यावर रंग किंवा सोनेरी मुलामा, गोल खोबणीदार पाय आणि पाय जिथं बैठकीला मिळतो त्या चौकोनी ठोकळ्यावर एक कोरलेलं फूल. हे फूल सोळाव्या लुईच्या काळाची सहीच समजा. स्वीडनमध्ये तिसऱ्या गुस्ताव्हच्या काळात, म्हणजे 1771 ते 1792, हीच शैली साधी होऊन फिक्या राखाडी-पांढऱ्या रंगात आली. बाजारात राखाडी रंगवलेल्या नवीन "गुस्ताव्हियन" खुर्च्यांचा पूर आलाय, तिथं जास्त जपून.

टेप काढा

हेपलव्हाइटच्या पुस्तकात खुर्चीची मापं दिलेली आहेत आणि नवशिक्याला यापेक्षा उपयोगी गोष्ट नाही. पुढून रुंदी 20 इंच, बैठकीची खोली 17 इंच, बैठकीच्या चौकटीची उंची 17 इंच, आणि एकूण उंची साधारण 3 फूट 1 इंच, म्हणजे 94 सेंटिमीटर. सगळे सुतार काटेकोर पाळत होते असं नाही, एखादा इंच इकडं तिकडं होणारच. पण बैठक जर 15 इंचांवर आली असेल तर पाय कापलेत असं समजा, ओल्या फरशीवर पाय कुजले की खालून कापत, नाहीतर मग कुणीतरी चाकं लावली आणि नंतर काढली. उलट सगळंच अंगानं बारीक, हलकं आणि नाजूक वाटत असेल तर ती एडवर्डियन काळातली, म्हणजे 1900 च्या आसपासची नक्कल असण्याची शक्यता भरपूर. तेव्हा ही शैली परत फॅशनमध्ये आली होती आणि हजारो सेट बनले, बरेच सुंदरही आहेत, फक्त शंभर-सव्वाशे वर्षांचे आहेत आणि किंमत त्या हिशोबानं द्यायची.

उचलूनही बघा. क्युबा आणि सँटो डोमिंगोकडची जुनी महोगनी जड आणि घट्ट असते, हातात घेतली की कळतं.

आता उलटी करा

इथं घाई करू नका. व्ह्यूइंगच्या दिवशी, म्हणजे ऑक्शनच्या आधी वस्तू बघू देतात तेव्हा जा, टॉर्च घेऊन जा, आणि तिथल्या माणसाला विचारून खुर्ची हळूच उलटी करा, कुणी नाही म्हणत नाही. वरची बाजू दोनशे वर्षं लोकांनी पुसली, पॉलिश केली, रंगवली, खालच्या बाजूकडं कुणी बघितलंच नाही, म्हणून खरं काय ते तिथं असतं.

चौकटीच्या आतल्या बाजूचं लाकूड कोरडं, मळकट आणि एकसारखं नसलेलं दिसलं पाहिजे. ते ताजं, नारिंगी किंवा गडद रंग फासल्यासारखं दिसत असेल तर विचारा का ते. जुन्या लाकडावर रंग फासायची गरज कुणालाच नव्हती. करवतीच्या खुणा शोधा, हाताच्या करवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या कमीजास्त अंतरावर असतात, गोल कमानीसारख्या खुणा असतील तर ती यंत्राची गोल करवत आहे आणि ती पट्टी बहुधा एकोणिसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची आहे.

मग सांधे. पायाच्या वरच्या भागात बैठकीची पट्टी खाच करून बसवलेली असते, काही वेळा आरपार लाकडी खुंटी ठोकलेली. कोपऱ्यांत तिरकी पट्टी किंवा ठोकळा असतो, मजबुतीसाठी. अठराव्या शतकात गादी चौकटीवरून ओढून बसवलेल्या खुर्च्यांत ही तिरकी पट्टी दोन्ही पट्ट्यांमध्ये खाच करून घट्ट बसवत. तिथं स्क्रूनं आवळलेला त्रिकोणी ठोकळा असेल तर तो बहुतेक नंतरचा, आणि याचं वाईट वाटून घेऊ नका, रोज वापरलेल्या खुर्चीचे सांधे कधी ना कधी सुटणारच. स्क्रू मात्र एक काढून बघायची परवानगी मिळाली तर बघा. हातानं घडवलेल्या जुन्या स्क्रूला टोकदार अणी नसते आणि डोक्यावरची खाच बऱ्याचदा मधोमध नसते. अणीवाले यंत्राचे स्क्रू 1840 च्या दशकाच्या शेवटापासून पुढचे.

गादी चौकटीवर ठोकलेली असेल तर खिळ्यांची भोकं बघायला मिळाली तर सोनं. दोनशे वर्षांत पाच-सहा वेळा तरी कापड बदललेलं असतं, त्यामुळे पट्टी भोकांनी चाळणीसारखी झालेली असते. एकाच ओळीत नीट भोकं असलेली पट्टी म्हणजे ती पट्टी नवी. आणि आत गुंडाळीच्या स्प्रिंगा निघाल्या तर ती गादी तरी एकोणिसाव्या शतकातली आहे, त्याआधी पट्टे, जाड कापड आणि घोड्याचे केस एवढंच असे. चौकटीला बीच लाकूड वापरलेलं बरंच सापडतं, आणि बीच लाकूड पोखरणाऱ्या किड्याला फार आवडतं. बारीक गोल छिद्रांतून पिठासारखी पूड खाली पडत असेल तर किडा जिवंत आहे, ती खुर्ची घरी नेऊन बाकीच्या फर्निचरशेजारी ठेवू नका, आधी उपचार.

झिजही नैसर्गिक असली पाहिजे. माणूस बसला की टाच जिथं आडव्या पट्टीवर टेकते तिथं, पाठीच्या वरच्या कडेला जिथं हात धरून खुर्ची ओढतात तिथं, पायांच्या तळाला. जिथं हात-पाय पोचूच शकत नाही तिथं झीज दिसली तर ती कुणीतरी कानशीनं केलेली.

सेट म्हणून विकतायत तर प्रत्येक खुर्ची वेगळी तपासा

हा धडा मी पैसे देऊन शिकले म्हणून जरा लांबवते. माझा पहिला सेट सहाचा होता, एका छोट्या ऑक्शनमधून घेतलेला, मी वरच्या दोन तपासल्या आणि बाकीच्या तशाच असणार म्हणून सोडल्या. घरी आणून गाद्या काढल्या तेव्हा चार खुर्च्यांच्या आत पटाशीनं रोमन आकडे कोरलेले होते आणि दोघींत काहीच नव्हतं, लाकूडही हलकं, आतून एकसारखा चॉकलेटी रंग. चार जुन्या आणि दोन शंभर वर्षांनी त्यांच्या जोडीला करून घेतलेल्या. मी त्या चारही रोज वापरते आणि मला त्या प्रिय आहेत, पण सहाचे पैसे मोजले होते.

ते रोमन आकडे शोधाच. कारागीर प्रत्येक खुर्चीच्या चौकटीवर आणि तिच्या सुट्या गादीच्या फ्रेमवर एकच आकडा कोरत असे म्हणजे गादी आपल्याच खुर्चीत बसेल. चार हा आकडा बऱ्याचदा सरळ चार उभ्या रेघांनी काढलेला असतो. तुमच्या सहाच्या सेटमध्ये बारा किंवा चौदा असा आकडा निघाला तर मूळ सेट मोठा होता आणि वाटण्यांत तुटला, ही फार मोलाची माहिती आहे.

याहून कठीण प्रकार म्हणजे सहा खऱ्या खुर्च्या सोडवून त्यांच्या तुकड्यांतून आठ करणं, प्रत्येकीत थोडं जुनं आणि थोडं नवं, कारण आठचा सेट सहापेक्षा कितीतरी जास्त भावाला जातो. म्हणून सगळ्या खुर्च्या ओळीनं लावा आणि एकच भाग सगळ्यांवर बघत जा, सगळ्यांचा उजवा पाय, मग सगळ्यांची मागची पट्टी, मग ढालीच्या आतलं एकच पान. हातानं कोरलेलं पान दर खुर्चीत जरासं वेगळं असतं पण हात एकच असतो, दोन वेगळे हात दिसले की कळतं. हातवाल्या खुर्च्यांची बैठक साध्या खुर्चीपेक्षा इंच-दोन इंच रुंद असायला हवी. माप अगदी सारखं आलं तर साध्या खुर्चीला नंतर हात चिकटवलेत का ते बघा.

कागद आणि शिक्के

लाकूड झालं, आता मागमूस. फ्रान्समध्ये सोपं आहे, तिथल्या कारागीर संघाच्या 1743 च्या नियमांनी मास्टर कारागिराला आपला शिक्का मारणं बंधनकारक केलं, ते प्रत्यक्षात 1751 पासून नीट लागू झालं आणि 1791 मध्ये संघच बंद झाले. जॉर्ज जाकोब हा त्यातला मोठा खुर्ची कारागीर, त्याचा शिक्का बैठकीच्या पट्टीच्या खाली सापडतो. पण राजासाठी काम करणाऱ्या काहींना शिक्क्यातून सूट होती, आणि खोटे शिक्के नंतर भरपूर मारले गेले, तेव्हा शिक्क्यासोबत वरचं सगळं तपासायचंच.

इंग्लंडमध्ये शिक्का मारायची सक्ती नव्हती. अपवाद लँकेस्टरच्या गिलोज कंपनीचा, त्यांनी 1790 च्या आसपासपासून आपलं नाव बऱ्याच फर्निचरवर ठोकलं, आणि त्यांच्या कामाच्या वह्या, ज्यात खुर्चीचं चित्र, लाकूड, मजुरी असा हिशोब आहे, लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिटी अर्काइव्हजमध्ये जपलेल्या आहेत. शिक्का असलेली खुर्ची वहीतल्या चित्राशी जुळवून बघता येते, विचार करा किती भाग्याची गोष्ट. बाकी कारागिरांसाठी ब्रिटिश अँड आयरिश फर्निचर मेकर्स ऑनलाइन हा डेटाबेस फुकट आहे, चौकटीवर शाईत किंवा ठशात एखादं नाव दिसलं तर तिथं टाका.

विक्रेत्याकडं मागायचं ते म्हणजे जुनी बिलं, घराच्या सामानाच्या याद्या, आधीच्या ऑक्शनचा कॅटलॉग नंबर, खोलीचा जुना फोटो. "एका मोठ्या हवेलीतून आल्यात" हे वाक्य म्हणजे मागमूस नव्हे. कागदात लिहिलेली संख्या, लाकूड, कापड आणि समोरची खुर्ची हे एकमेकांशी जुळलं पाहिजे, यादीत बारा महोगनीच्या खुर्च्या आणि समोर रंगवलेलं बीच असेल तर ती यादी दुसऱ्या खुर्च्यांची आहे.

आणि मागमूस शोधताना लाकूड कुठून आलं तेही वाचा असं मला मनापासून वाटतं. इंग्लंडनं 1721 मध्ये आपल्या अमेरिकेतल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरचा कर रद्द केला आणि जमैकाकडून महोगनीचा ओघ सुरू झाला, ती झाडं तोडली गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन माणसांनी. हेअरवुडच्या लॅसेल्स घराण्याचा पैसाही कॅरिबियनमधल्या साखरेच्या मळ्यांचा आणि गुलामांच्या व्यापाराचा. खुर्ची सुंदर आहे आणि हे तिच्या इतिहासातच आहे.

कॅटलॉगची भाषा आणि बोली

"जॉर्ज तिसरा" असं नुसतं लिहिलं असेल तर त्यांच्या मते ती त्या राजाच्या काळातली, 1760 ते 1820 मधली आहे. "जॉर्ज तिसरा स्टाइल" लिहिलं की ती नंतरची नक्कल, एक शब्द पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. "हेपलव्हाइटच्या धर्तीवर" म्हणजे शैली. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूची अवस्था काय आहे ते सांगणारा कागद, आधी मागवा, लेखी. आणि हातोडा पडतो त्या किमतीवर ऑक्शनवाल्यांचं कमिशन, बऱ्याच ठिकाणी 20 ते 30 टक्के, आणि त्यावर व्हॅट असतो, तो धरूनच आपली मर्यादा कागदावर लिहून ठेवा.

भारतातल्यांसाठी थोडं

मुंबईतल्या जुन्या घरांत किंवा चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर दिसणारं शिसवी, दाट कोरीव कामाचं बॉम्बे ब्लॅकवुड फर्निचर एकोणिसाव्या शतकातलं, त्याचा बाज पूर्ण वेगळा, त्याला निओक्लासिकल म्हणू नका. निओक्लासिकलशी खरं नातं विशाखापट्टणमच्या कारागिरांचं, त्यांनी इंग्लिश नमुन्यांवर हस्तिदंताची नक्षी जडवून खुर्च्या केल्या. पण हस्तिदंताचा व्यापार भारतात बेकायदा आहे आणि ब्रिटनमध्येही 2022 पासून कडक बंधनं आहेत, तेव्हा त्या म्युझियममध्ये बघा. तसंच 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांची खुर्ची परदेशी न्यायची असेल तर आधी पुरातत्त्व विभागाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का ते बघावं लागतं.

घरी आणल्यावर

रेडिएटरपासून लांब ठेवा, कोरड्या हवेत सांधे आक्रसतात. पॉलिश खरवडून काढू नका, वर्षातून दोनदा पातळ मेण पुरे. खुर्ची उचलताना बैठकीच्या चौकटीला धरा, ढालीला नाही. सांधा सुटला तर जुन्या पद्धतीचा गरम करून लावायचा प्राण्यांचा सरस वापरणारा कारागीर शोधा, तो सरस पुढच्या माणसाला परत सोडवता येतो, आताचे गोंद येत नाहीत. आणि तुमचं बिल, कंडिशन रिपोर्ट, उलट्या केलेल्या खुर्चीचे फोटो, आकडे कुठं सापडले ते सगळं एका पाकिटात घालून घराच्या कागदपत्रांसोबत ठेवा, पाकिटावर खुर्च्यांची संख्या आणि विकत घेतल्याची तारीख लिहा.